60 टक्के ‘पुरेसं ज्ञान’, पण त्यात अंदाज किती?

‘अमुक टक्के पालकांना जुलाबावरच्या उपचाराचं पुरेसं ज्ञान’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादं छोटं सर्वेक्षण असतं. ठाणे-नवी मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतली एमबीबीएसची मुलं ओपीडीत रांगेतल्या आयांना प्रश्न विचारतात, कधी रुग्णांना, कधी आपल्याच वर्गमित्रांना. हे काम मोलाचं आहे, म्हणूनच त्यातली टक्केवारी नीट वाचायला हवी.

समजा, प्रश्नावलीत 10 विधानं आहेत. प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगायचं. 6 उत्तरं बरोबर आली की ‘पुरेसं ज्ञान’. आता ज्याला यातलं काहीही माहीत नाही असा एक बाप घ्या. त्याचं प्रत्येक उत्तर म्हणजे छापा-काटा. दहा वेळा नाणं उडवलं तर छाप्या-काट्याचे एकूण 1024 क्रम होऊ शकतात. त्यांपैकी 6 छापे येणारे 210, 7 चे 120, 8 चे 45, 9 चे 10 आणि दहाच्या दहा छाप्यांचा 1. बेरीज 386. म्हणजे काहीही माहीत नसलेल्या 100 जणांपैकी जवळपास 38 जण ‘पुरेसं ज्ञान’ या रकान्यात बसतात! तेच प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय दिले, तर असे जेमतेम 2 उरतात.

एकाच प्रश्नावरही हे दिसतं. 100 पैकी 60 आयांचं उत्तर बरोबर आलं आणि 40 जणींचं चुकलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी अंदाजाने उत्तर दिलं असं धरलं, तर जितक्या चुकल्या साधारण तितक्याच जणींचा अंदाज बरोबर लागला असणार. 60 मधून 40 गेले. खरोखर माहीत असलेल्या उरल्या 20.

अर्थात चुकलेली प्रत्येक जण अंदाज करत नसते. ‘दात येताना जुलाब होतातच’ हे कित्येक घरांत ठामपणे सांगितलं जातं. दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्याच वयात मूल हाताला येईल ते तोंडात घालतं आणि आईकडून मिळालेली, रोगांशी लढणारी प्रतिपिंडंही (अँटिबॉडी) ओसरत असतात. असा ठाम गैरसमज आणि निव्वळ अज्ञान यांवरचे उपाय वेगळे, पण प्रश्नावलीत दोन्हींपुढे एकच शून्य पडतं. ‘दृष्ट लागली’ असा ठाम समज असला, तर दृष्ट काढण्यात वेळ जातो आणि तोवर बाळाच्या अंगातलं पाणी कमी होत राहतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

त्यात समोर पांढरा एप्रन. ‘हो डॉक्टर’ हे उत्तर आपोआप येतं. सगळी विधानं खरी असतील, तर नुसती मान डोलावणाऱ्याला 10 पैकी 10! निम्मी विधानं मुद्दाम चुकीची लिहायला हवीत.

विद्यार्थ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला वजा 1. चार पर्यायांतला आंधळा अंदाजही सरासरी पाव गुण मिळवून देतो. या परीक्षेतून आलेला मुलगा प्रश्न कोरा कशाला सोडेल? नवी मुंबईतल्या दिघ्याहून आलेली आई मात्र सरळ ‘नाही बाई माहीत’ म्हणते. दोघांचे गुण शेजारी मांडले की ज्ञानातला फरक किती आणि अंदाज ठोकण्याच्या सवयीतला किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून ‘माहीत नाही’ हा पर्याय छापलेला हवा आणि तो निवडला तर चालेल, हे तोंडाने सांगायला हवं.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवून ‘ठाण्यातले पालक’ असा निष्कर्ष काढणं तर चूकच. त्या ग्रुपवरचे पालक म्हणजे सारं ठाणं नव्हे.

त्यापेक्षा ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट, तांब्या आणि मापाचं भांडं आईपुढे ठेवून ‘करून दाखवा’ म्हणावं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच पडायला हवं. तेच पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर मीठ इतकं जास्त होतं की बाळाला अपाय होऊ शकतो. याला वेळ लागतो, दिवसाकाठी थोड्याच आया होतात. पण यात अंदाजाने पास होता येत नाही, आणि चुकलेलं माप तिथल्या तिथे दुरुस्त करून दाखवता येतं.