बाईंची नजर कुठे जाते?

बालवाडीच्या वर्गात कॅमेरा लावा, 'समस्या असलेलं मूल' आमचं अॅप शोधून देईल, अशी जाहिरात परवा फोनवर आली. माझ्या मते कॅमेरा बाईंच्या डोळ्यांकडे वळवला, तर बाई जास्त शिकतील.

२०१६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांच्या गटाने नेमकं हेच केलं. त्यांनी बालशिक्षणातल्या १३५ जणांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ दाखवले. त्यात चार मुलं होती: एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा आणि एक गोरी मुलगी. त्रासदायक वागण्याची चाहूल लागली की बटण दाबायचं, एवढीच सूचना. प्रत्यक्षात एकाही व्हिडिओत कुणी खोडी काढत नव्हतं.

नजर मोजतात कशी, हे मला फार सुंदर वाटतं. आपल्याला स्पष्ट दिसतं ते दृष्टिपटलाच्या मधल्या इवल्याशा खळग्यामुळे. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, साधारण तेवढाच भाग एका वेळी लख्ख दिसतो. म्हणून डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारतो. संगणकाच्या पडद्याखालचा दिवा डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर एक ठिपका चमकतो. हा पडदा जवळजवळ गोलाकार असल्याने डोळा वळला तरी ठिपका फारसा हलत नाही, बाहुलीचा मध्य मात्र सरकतो. या दोहोंमधलं अंतर आणि दिशा यांवरून नजर कुठे आहे ते कळतं. त्याआधी प्रत्येकाला संगणकाच्या पडद्यावरचे ठरावीक बिंदू पाहायला लावून यंत्र जुळवून घ्यावं लागतं, कारण प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी.

आणि निष्कर्ष? नजर सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळली होती, शिक्षक स्वतः कृष्णवर्णीय असले तरीही. कुणाकडे सर्वाधिक लक्ष द्यावं लागलं, असं विचारल्यावर ४२ टक्क्यांनी त्याचंच नाव घेतलं. ज्याच्याकडे सतत पाहू, त्याचीच चूक आधी दिसणार. गिलियम यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं, की तिथल्या बालवाड्यांतून मुलांना काढून टाकण्याचं प्रमाण मोठ्या मुलांच्या शाळांच्या तिपटीहून जास्त आहे.

आपल्याकडे मूल ऐकत नाही म्हटलं की दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. त्यात कान तपासायचे राहून जातात. कमी ऐकू येणारं मूलही 'ऐकत नाही'च. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येतं, तेव्हा अशा मुलाला आधी त्यांच्यासमोर बसवा.