ली हिंग मुई आणि ताजं फळ : पुडी उघडण्याआधी हे वाचा

नमस्कार.

ही लालसर भुकटी नेलेले काही ग्राहक परत येऊन म्हणाले, "अननसाला पाणी सुटलं, सगळं खारट झालं." चूक आमची. पुडी हातात दिली, पण ती वापरायची कशी हे आम्ही सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्रक.

ली हिंग मुई मूळची दक्षिण चीनची. हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर करारानं काम करायला चिनी मजूर १८५२ पासून जाऊ लागले. पुढं तिथं स्थिरावलेल्या चिनी कुटुंबांबरोबर मीठ लावून सुकवलेली फळंही त्या बेटांवर रुजली. नावाचा अर्थ साधारण 'प्रवासातला प्लम' असा. प्लम म्हणतात, पण हे फळ जर्दाळूचं अगदी जवळचं भावंड आहे. ते मीठ, साखर आणि ज्येष्ठमध यांत मुरवून वाळवतात. हवाईत अशा सुक्या फळांना 'क्रॅक सीड' म्हणतात आणि त्यांची खास दुकानं असतात. तिथं काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि हवं तेवढं तोलून मिळतं. आख्खं फळ गालात धरून चघळायचं. तेच दळलं की ही भुकटी होते. तिथली माणसं ती अननस, आंबा, पेरू, सफरचंद यांवर घालतात, बर्फाच्या गोळ्यावरसुद्धा.

चव आधी खारट लागते, मग आंबट, आणि शेवटी ज्येष्ठमधाचा गोडवा घशाशी रेंगाळतो. तिच्यात जिरं नाही, मिरची नाही, काळं मीठ नाही. म्हणून ती चाट मसाल्यासारखी सढळ हातानं घालू नका.

अननसाच्या फोडी

मध्यम आकाराचा अर्धा अननस चार जणांना पुरतो. निवडताना बुडाचा वास घ्या. गोड वास आला आणि फळ हाताला जड लागलं तर घ्या. तोडल्यानंतर अननस मऊ पडतो, पण आणखी गोड होत नाही, त्यामुळं 'घरी ठेवून पिकवू' हा बेत अननसाला चालत नाही.

साल आणि डोळे काढा, मधला दांडा काढून टाका. अननसानं जीभ चुरचुरते ती ब्रोमेलेन नावाच्या घटकामुळं. तो दांड्यातही भरपूर असतो. बोटाएवढ्या जाड फोडी करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर स्वच्छ कापडानं त्या टिपून घ्या. इथं कंटाळा करू नका, कारण ओल्या फोडीवर भुकटीचे गोळे होतात.

आता भुकटी. एवढ्या फोडींना पाऊण चमचा पुरतो, म्हणजे चहाचा चमचा. ती चहाच्या गाळणीत घ्या, गाळणी फोडींच्या वीतभर वर धरा आणि कडेला बोटानं हलकेच टिचक्या मारा. फोडीवर गुलाबी धूळ बसल्यासारखी दिसली की थांबा. एक फोड खाऊन बघा, कमी वाटलं तरच आणखी घाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भुकटी अगदी खाताना घालायची. मीठ आणि साखर फळातलं पाणी ओढून घेतात. आमच्या घरी पहिल्यांदा पाहुणे यायच्या अर्धा तास आधीच आम्ही परातभर फोडींना ती चोळून ठेवली होती. पाहुणे बसेपर्यंत परातीत बोटभर लाल पाणी साचलं, वरच्या फोडी मलूल आणि खालच्या खाववेनात इतक्या खारट. तेव्हापासून फोडी एका ताटात आणि भुकटी वाटीत, ज्यानं त्यानं आपली घालून घ्यायची.

दुसरी फळं

पेरू कडक आणि अर्धवट पिकलेला घ्या. सफरचंद आंबटसर हवं. कलिंगड आणि केळं यांच्यावर ही चव आम्हाला आवडली नाही.

आंब्याचं मात्र सांगायलाच हवं. हवाईत घरोघरी आवडीनं खाल्ला जाणारा हेडन आंबा फ्लोरिडात तयार झाला, तो भारतातून तिथं गेलेल्या मुलगोबाच्या कोयीपासून. म्हणजे त्या आंब्याचं आजोळ इकडंच. पिकल्या हापूसवर भुकटी वाया घालवू नका, आंबा नुकता पाडाला लागलेला असू द्या.

कैरी असेल तर हवाईतली दुसरी रीत करून बघा, तिला भुकटी लागतच नाही. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर आणि ताजी कुटलेली काळी मिरी. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि कैरीच्या चकत्या त्यात बुडवून खायच्या. सोया सॉस खारट असतोच, वेगळं मीठ नको.

जपून

या भुकटीत मीठ बरंच आहे आणि ज्येष्ठमधही आहे. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाजारातल्या काही भुकट्यांमध्ये साखरेऐवजी कृत्रिम गोडवा आणि खायचा रंग असतो, तेव्हा कुठलीही पुडी घेतलीत तरी घटकांची यादी वाचा. सोया सॉसमध्ये बहुधा गहूही असतो, हेही ध्यानात ठेवा.

पुडी उघडली की भुकटी कोरड्या काचेच्या बरणीत काढा. चमचा कोरडाच हवा. पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिली तर दगड होते. झालीच तर फेकू नका, खलबत्त्यात कुटून चाळून घ्या, चव तीच राहते.

पहिल्यांदाच नेत असाल तर घेण्याआधी दुकानात एक फोड खाऊन बघा. नाही आवडली तर पुडी घ्यायचा आग्रह नाही.