तव्यावरचं तेल: १९९८ चा आदेश आणि त्यानंतर

महाराष्ट्रात घराघरातलं तेल मुख्यतः शेंगदाण्याचं, सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचं. १९९४-९५ मध्ये आयात खुली झाल्यावर स्वस्त पामतेल आलं. त्याच सुमारास शहरांत रिफाइंड करडई तेलाचा बोलबाला होता. त्यात लिनोलेइक आम्ल (कोलेस्टेरॉल कमी करणारं, पण लवकर बिघडणारं मेदाम्ल) सुमारे ७५ टक्के, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या हिशेबात ते चोख बसायचं. ते तव्यावर तापल्यावर काय होतं, हा प्रश्न मात्र मागे पडला. असं तेल उष्णतेने लवकर बिघडतं आणि भांड्याला चिवट पिवळा चिकटा धरतं. याच गुणामुळे करडई तेल रंग-व्हार्निशमध्येही वापरलं जातं.

खरं वळण १९९८ चं. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने ड्रॉप्सीची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या विषबाधेची, साथ पसरली आणि साठाहून अधिक माणसं दगावली. काही आठवड्यांतच केंद्राने खाद्यतेल सीलबंद, लेबल लावूनच विकण्याचा आदेश काढला. भेसळ रोखायलाच हवी होती, यात शंका नाही. पण भेसळ झाली मोहरीच्या तेलात, आणि नियम आला शेंगदाणा, करडई, तीळ अशा सगळ्यांवर. राज्यांना सूट देण्याची मुभा होती, तरी पॅकिंग आणि तपासणीचा खर्च झेपला तो मोठ्या कारखान्यांना. डोळ्यांसमोर गाळून देणारा घाणेवाला कायद्याच्या लेखी संशयित ठरला. शिवाय सुटं तेल पुढेही वर्षानुवर्षं उघड विकलं गेलं. म्हणजे ज्या गरीब गिऱ्हाइकासाठी आदेश काढला, त्याच्यापर्यंत तो नीट पोचलाच नाही.

पुढे मिश्र तेलं आली, राइस ब्रॅन म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल आलं. तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक मेदाची) मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली; हा निर्णय मात्र निःसंशय चांगला. गेल्या काही वर्षांत लाकडी घाणा परतला आहे, दुप्पट-अडीचपट भावाने.

घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांना धुरकटतं, रिफाइंड २३० च्या आसपास. म्हणून धिरडं-आंबोळीला मंद आचेवर घाण्याचं चालतं, तळणाला रिफाइंड शेंगदाणा बरं. नॉनस्टिकवर तेलाचा फवारा टाळावा. बऱ्याच फवाऱ्यांत लेसिथिन (अन्न चिकटू नये म्हणून घातलेला मेदजन्य पदार्थ) असतं आणि त्याचा थर तापून लेपावर चिकटून बसतो. थोडं तेल कापडाने पुसून घेतलं तरी पुरतं.