भाकर डब्यात का हरली?

लातूरच्या एका दुकानात परवा ज्वारीच्या पिठाचं पाकीट पाहिलं. वर ठळक अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’. आमच्या आजीला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, “ज्वारीत ते होतंच कधी?” ते नाही म्हणून तर ती जन्मभर आधण ठेवत आली.

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि रबरासारखं जाळं होतं, तेच ग्लुटेन. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. त्याचं पाण्याशी जमत नाही, जाळंही होत नाही. गार पाण्यात पीठ मळून काठवटीत थापून बघा, कडा चिरतात. उकळतं आधण पडलं की मात्र पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. ज्वारीच्या स्टार्चला त्यासाठी ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, गव्हाहून जास्त. म्हणून कोमट पाण्यावर भागत नाही.

पण ही खळच पुढे घात करते. भाकर निवू लागली की स्टार्चमधल्या अमायलोजच्या लांब साखळ्या पुन्हा शेजारी-शेजारी रांगेत बसतात, घट्ट होतात आणि धरलेलं पाणी सोडतात. हे काही तासांतच होतं. स्टार्चमधला दुसरा, फांद्याफांद्यांचा घटक अमायलोपेक्टिन. तेही त्याच वाटेने जातं, पण दिवस लावतं. परत तव्यावर टाकली की अमायलोपेक्टिन सैल पडतं, अमायलोज तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून गरम केलेली शिळी भाकर ताजीसारखी होत नाही. पोळीतही हे घडतं, पण तिला जाळ्याचा आणि तेलाचा आधार असतो.

सकाळी सातचा डबा दुपारी एकला उघडायचा, तिथे पोळी जिंकली. घरात रेशनचा गहू आला, खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, हेही खरंच. पण ‘मुलांना चव आवडत नाही’ म्हणतो तेव्हा मुलांनी गरम भाकर किती वेळा खाल्ली, हे कुणी विचारत नाही.

घट्ट झालेला स्टार्च सावकाश पचतो, थोडा पचतच नाही. एवढ्यावरून ‘शिळी भाकर खा, शुगर कायमची जाते’ असे मेसेज फिरतात. तसं काही होत नाही, शुगरच्या गोळ्या बंद करू नका.

आणि उरलेली भाकर फ्रीजमध्ये ठेवू नका. तिथल्या गारव्यात ती सगळ्यात लवकर कडक होते. आमची भाची डब्यातली भाकर तशीच परत आणते. संध्याकाळी तीच ताकात कुस्करून वर लसणाचं तिखट टाकलं, की वाटी चाटून पुसून साफ.