अ‍ॅडिपोकाइन

अंगातली चरबी रक्तात जी प्रथिनं सोडते त्यांना अ‍ॅडिपोकाइन म्हणतात. पूर्वी सगळे चरबीला नुसतं कोठार समजायचे, जास्तीचं खाल्लेलं साठवायचं आणि उपास पडला की काढायचं, पेवातल्या जोंधळ्यासारखं. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला लेप्टिन सापडलं आणि हा समज मोडला, कारण हे लेप्टिन चरबीतून निघून मेंदूला सांगतं की साठा भरलाय, आता पुरे. मग लठ्ठ माणसाला भूक का लागते? तर त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं पण मेंदू ऐकेनासा झालेला असतो.

आता हार्टशी याचा संबंध काय ते बघू. सगळी चरबी सारखी नसते. मांडीवरची, कुल्ल्यावरची चरबी त्यामानाने गरीब, पण पोटाच्या आत आतड्यांभोवती जी साठते ती वाईट, कारण तिथलं रक्त सरळ लिव्हरकडे जातं. ही चरबी फुगायला लागली की तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी घुसतात आणि मग टीएनएफ, इंटरल्युकिन-6 असली सूज वाढवणारी प्रथिनं रक्तात सुटतात, त्यावर लिव्हर सीआरपी (अंगात सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन) बनवतं, आणि पीएआय-1 नावाचं आणखी एक वाढतं जे रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. हार्टच्या नळीत आधीच कोलेस्टेरॉलचा थर असेल तर त्याला ही सूज म्हणजे आगीत तेलच. तो थर फुटला, त्यावर गुठळी बसली की अटॅक.

या घोळक्यातलं एकच गुणी पोर म्हणजे अ‍ॅडिपोनेक्टिन. ते 1995-96 च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानात वेगवेगळ्या टीमना सापडलं. रक्तात त्याचं प्रमाण दर मिलिलिटरला साधारण 5 ते 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे लेप्टिनच्या हजारपट वगैरे. गंमत अशी की बनतं चरबीतच पण चरबी वाढली की हे कमी होतं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतं, धूम्रपान करणाऱ्यांत कमी सापडतं. प्रयोगशाळेत बघितलं तर ते नळीच्या आतल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटू देत नाही, इन्सुलिनचं काम सोपं करतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त त्यांना अटॅक कमी, आणि सगळे खूश झाले.

पण ते फार टिकलं नाही. पुढच्या अभ्यासांत हा संबंध बराच फिका पडला, आणि ज्यांना हार्ट फेल्युअर किंवा हार्टचा जुना आजार आहे त्यांच्यात तर उलटंच, अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त असलेल्यांचेच मृत्यू जास्त. मग लोकांनी जीन्स तपासल्या. जन्मापासूनच ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त त्यांना अटॅकपासून काही खास संरक्षण मिळालेलं दिसेना. सीआरपीचंही तेच झालं, ते धूर दाखवतं, आग लावत नाही. इंटरल्युकिन-6 चा मार्ग मात्र जीन्सच्या परीक्षेत पास झाला, आणि 2017 मध्ये कॅन्टॉस नावाच्या औषध-चाचणीत त्याच्या वरच्या पायरीवरचं इंटरल्युकिन-1 बीटा औषधाने अडवलं तर कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे राहूनही अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण 15 टक्क्यांनी कमी झाले (इन्फेक्शनने मृत्यू मात्र थोडे वाढले, म्हणून ते औषध काही यासाठी रोजच्या वापरात आलं नाही). बाकी रेझिस्टिन, व्हिसफॅटिन अशी नावं पण वाचायला मिळतात. रेझिस्टिन उंदरात चरबीतून येतं, माणसात मुख्यतः पांढऱ्या पेशींतून, आणि व्हिसफॅटिनचा 2005 चा गाजलेला पेपर तर दोन वर्षांत मागे घ्यावा लागला.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाला अटॅक आला की हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अहो तो तर बारीक होता की!’ याचं उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकात एका फोटोतून दिलंय. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सेम 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. म्हणजे हातपाय काटक, पोट मात्र पुढं, हा आपला बांधा. वजनकाट्यावर तो पकडला जात नाही, अ‍ॅडिपोकाइनवर मात्र त्याचा परिणाम होतो.

म्हणून काय ही टेस्ट करून घ्यायची? हल्ली मोठमोठ्या पॅकेजमध्ये असली नावं घुसवलेली असतात, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्लिशमध्ये आणि घाबरायचं मराठीत. लेप्टिन किंवा अ‍ॅडिपोनेक्टिनच्या आकड्यावरून हार्टची कुठली गोळी चालू करायची हे ठरत नाही. बीपी, शुगर, लिपिड, तंबाखू आणि घरात कमी वयात कुणाला अटॅक आलाय का, एवढ्यावर डॉक्टरचं बरंचसं काम भागतं, सीआरपी कधी कधी जोडीला.

पोटातल्या चरबीचा अंदाज मात्र टेलरच्या टेपने येतो. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 च्या वर गेलं की धोका धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पँटचा नंबर यासाठी चालत नाही, कारण ढेरी सुटली की माणूस पँट तिच्या खाली बांधायला लागतो आणि कॉलेजपासून माझा नंबर 34 च आहे म्हणून सांगतो.