लोमे करार

लोमे करार : युरोपीय आर्थिक समुदायाचे (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) नऊ सदस्य देश आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील ४६ देश यांच्यात टोगोची राजधानी लोमे येथे २८ फेब्रुवारी १९७५ रोजी झालेला व्यापार व विकाससाहाय्यविषयक करार. १९७९, १९८४ व १९८९ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. २००० मध्ये त्याची जागा कोतोनू कराराने घेतली.

कराराचे मूळ कोणते, याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः ते समुदायाने कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे केलेल्या १९६३ च्या याउंदे करारात दाखविले जाते. त्यात प्रामुख्याने पूर्वीच्या फ्रेंच वसाहती असलेले १८ आफ्रिकी देश होते. परंतु सागरपार प्रदेशांची (सदस्य देशांच्या वसाहतींची) समुदायाशी संलग्नता फ्रान्सच्या आग्रहावरून समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम तहाच्या चौथ्या भागातच अंतर्भूत झाली होती, म्हणजे बहुतेक प्रदेश स्वतंत्र होण्यापूर्वीच आणि त्यांना न विचारता. काही अभ्यासक याहून मागे, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या ‘युराफ्रिका’ (युरोप व आफ्रिका यांना आर्थिक दृष्ट्या एकत्र जोडण्याची) या कल्पनेपर्यंत जातात. युरोपीय एकीकरणाची सुरुवात करणाऱ्या, फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमान यांच्या १९५० च्या घोषणेतील आफ्रिका खंडाच्या विकासाचा उल्लेख त्यांच्या मताला पूरक ठरतो. कल्पनेचे सातत्य मान्य केले, तरी तरतुदींचा माग रोम तहापर्यंतच खात्रीने लावता येतो.

१९७३ मध्ये ब्रिटन समुदायात आल्यावर राष्ट्रकुलातील देशांचा प्रश्न निर्माण झाला. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील देशांना संलग्नतेचा पर्याय देण्यात आला. भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांना तो मिळाला नाही. भागीदारांची यादी गरजेपेक्षा वसाहतींच्या जुन्या नकाशावरून ठरली, हा आक्षेप येथे बराच सयुक्तिक वाटतो. युरोपीय वसाहतींत न मोडणारे लायबीरिया व इथिओपिया हे अर्थात त्याला अपवाद आहेत.

याउंदे करारातील परस्पर सवलतींची अट, म्हणजे भागीदार देशांनीही समुदायाच्या मालाला व्यापारी सवलती देण्याची अट, लोमेत वगळण्यात आली. ‘स्टाबेक्स’ योजनेनुसार कोको, कॉफी, भुईमूग इ. मालाच्या निर्यात-उत्पन्नात घट आल्यास भरपाई मिळे. मात्र त्या मालाचा देशाच्या एकूण निर्यातीतील वाटा सर्वसाधारणपणे किमान ७.५ टक्के असावा लागे. योजनेत कोकोच्या बिया होत्या, चॉकलेट नव्हते. त्यामुळे कच्च्या मालावरील वसाहतकालीन अवलंबित्व कायम राहिले, असे टीकाकार म्हणतात.

साखरेविषयीच्या स्वतंत्र जोडकरारान्वये (प्रोटोकॉल) ठरावीक कोटा हमीभावाने घेतला जाई. त्यातील सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा होता. तेथील उसाच्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात आलेल्या गिरमिटिया मजुरांत मराठी भाषकही होते. भारताला वेगळ्या करारान्वये अल्प कोटा मिळाला. एकतर्फी सवलती जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसेनात, केळ्यांच्या आयातीतील सवलतींविषयीच्या वादात १९९७ मध्ये समुदायाविरुद्ध निर्णय गेला आणि साखरेचा जोडकरारही २००९ मध्ये संपुष्टात आला.