गेम आणि माल-परतीच्या तंत्रावर पेटंट: अर्ज नेमका कुठे अडकतो

गेम बनवणारे छोटे स्टुडिओ आणि ऑनलाइन विक्रीत परत येणाऱ्या मालासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे लोक, या दोघांच्या पेटंट अर्जांवर पुन्हा पुन्हा तेच आक्षेप येतात. पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३(के) सांगतं की गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम हे शोध नव्हेत. कलम ३(एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीलाही बाहेर ठेवतं. म्हणजे गेमवाल्याला दोन्ही कलमं लागू पडू शकतात, आणि रिटर्नवाल्याला व्यवसायपद्धतीचा आक्षेप हमखास येतो. अर्ज भरण्याआधी ही दोन कलमं शांतपणे वाचा. शुल्क भरून झाल्यावर ती पहिल्यांदा वाचणारे फार आहेत, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "मग अमेरिकेत कशी मिळाली?" मिळाली, हे खरं. लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळता यावा, यावर जपानी गेम कंपनी नामकोला १९९८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. ते २०१५ मध्ये संपलं. निन्टेंडोच्या अमेरिकी कंपनीला १९९९ मध्ये मिळालेलं एक पेटंट तर थेट परतीच्या मालाचं आहे: विक्रीच्या वेळी वस्तूचा सीरियल नंबर नोंदवायचा, आणि ती परत आली की त्याच नंबरावरून ती परतीच्या मुदतीत बसते का ते तपासायचं. पण ही पेटंटं त्या देशाच्या त्या काळातल्या कायद्याने दिली. खुद्द अमेरिकेतही २०१४ च्या ॲलिस निकालानंतर (अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चालवली म्हणून तिला पेटंट नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं) अशा अर्जांची वाट अरुंद झाली. आपल्याकडच्या परीक्षकापुढे परदेशी पेटंट ठेवून "त्यांना दिलंत, मला का नाही" असं म्हणण्याचा काडीचा उपयोग होत नाही. उलट ते जुनं पेटंट तुमच्याच अर्जाविरुद्ध पूर्वज्ञान, म्हणजे आधीच जाहीर असलेलं तंत्र, म्हणून उभं राहतं.

काय बसतं, काय बसत नाही

दरवाजा पूर्ण बंद नाही. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की शोधात संगणक प्रोग्राम आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान मिळतं का ते पाहायला हवं. मात्र त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये ओपनटीव्ही प्रकरणात व्यवसायपद्धतीवरची बंदी संपूर्ण असल्याचं सांगितलं. "निव्वळ" हा शब्द प्रोग्रामपुरताच आहे, व्यवसायपद्धतीला ती सवलत नाही. परतीच्या मालावर काम करणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण त्यांचे बहुतेक अर्ज इथेच पडतात.

फरक प्रत्यक्ष क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या वाक्यात, कसा दिसतो ते पाहा. "ग्राहकाच्या आधीच्या परतींवरून त्याला गुण देणे आणि गुण कमी असल्यास परतावा रोखणे" हा क्लेम मी कितीतरी मसुद्यांत थोड्याफार फरकाने वाचला आहे. यात यंत्राने काय केलं? काहीच नाही. हा दुकानदाराचा निर्णय आहे, संगणकावर घेतलेला. आता हा पाहा: "पट्ट्यावरून येणाऱ्या खोक्याचं वजन सेन्सरने मोजणे, कॅमेऱ्याने सीरियल नंबर वाचणे, त्या नंबरासमोर विक्रीच्या वेळी नोंदवलेल्या वजनाशी ते ताडणे, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास वळवणीच्या फाटकाला संकेत देऊन खोकं तपासणीच्या रांगेत पाठवणे." इथे मोजणारं, ताडणारं आणि हलणारं यंत्र दिसतं. यावर पेटंट मिळेलच असं मुळीच नाही, कारण नवेपणा आणि शोधक पायरी (त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचलं नसतं, हे) यांची परीक्षा पुढे असतेच. पण अर्ज निदान त्या परीक्षेपर्यंत पोचतो.

गेमचंही तसंच. दहा नाणी गोळा केली की ढाल मिळते, शत्रू मागचा पराभव लक्षात ठेवून बदला घेतो, या कल्पना खेळाडूला कितीही भावल्या तरी आपल्याकडे त्या खेळण्याच्या पद्धतीत जमा होतात. फोन तापून प्रोसेसर मंदावण्याआधीच कोणत्या मोजमापावरून चित्राचा तपशील कमी करायचा, मेमरीत कोणता भाग आधी आणायचा, दोन उपकरणांमधला विलंब कसा भरून काढायचा, हे तांत्रिक प्रश्न आहेत. नामकोच्या कल्पनेतही तांत्रिक गाभा होता: छोट्या गेमचा कोड आधी मेमरीत आणायचा आणि तो चालू असताना मुख्य गेम भरत राहायचा. हाताने दाबायची उपकरणं तर फारच सोपी पडतात. निन्टेंडोच्या अधिक-चिन्हासारख्या कळीचं १९८७ चं अमेरिकी पेटंट हे सरळ स्विचच्या रचनेचं आहे, त्यात खेळाचा नियम कुठेच नाही.

मोजमापं मूळ अर्जातच घाला. आधी फ्रेम काढायला किती वेळ लागायचा, आता किती. मेमरी किती वाचली. चुकीच्या रांगेत जाणारी खोकी किती कमी झाली. कलम ५९ प्रमाणे अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घालता येत नाही. आक्षेप आल्यावर "आमच्याकडे आकडे आहेत" म्हणून धावत येणाऱ्यांना परत पाठवताना जीव तुटतो, कारण आकडे खरेच असतात, फक्त कागदावर यायला उशीर झालेला असतो.

"संगणक प्रोग्राम उत्पादन" असा क्लेम लिहू नका, तो बहुधा उडतोच. सोर्स कोडही जोडायची गरज नसते. प्रवाहचित्र आणि यंत्रणेच्या आकृत्या लागतात. कोडचं संरक्षण कॉपीराइट कायदा, १९५७ खाली वेगळं मिळतं.

आधी दाखवू नका

हे आक्रमकपणे सांगावं लागतं. अर्ज दाखल होण्याआधी डेमो ॲप स्टोअरवर टाकला, अर्ली ॲक्सेस (अपुरा गेम आधीच खेळायला खुला करणं) सुरू केला, किंवा तंत्र समजावणारा व्हिडिओ चढवला, तर बहुतेक वेळा नवेपणा गेला. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत आहे आणि लोक तीच इथे गृहीत धरतात. आपल्या कलम ३१ ची सवलत फार अरुंद आहे: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध, आणि तीही बारा महिन्यांच्या आत, फॉर्म ३१ भरून. ॲप स्टोअर यात बसत नाही. गेमच्या मेळाव्यात स्टॉल लावणार असाल तर तो मेळावा अधिसूचित आहे का हे आयोजकांना लेखी विचारा. गोदामात चाचणी घ्यायची असेल तर आधी गोदामवाल्याशी गोपनीयता करार करा.

घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. त्यानंतर बारा महिन्यांत शोधाचं सविस्तर वर्णन आणि क्लेम असलेलं पूर्ण तपशीलपत्र द्यावंच लागतं. ही मुदत कायद्यातच आहे, ती वाढत नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ तपशीलपत्राचा, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, फॉर्म ५ शोधकर्त्यांच्या घोषणेचा. पेटंट एजंट नेमला तर फॉर्म २६. सवलतीच्या शुल्कासाठी स्टार्टअप किंवा लघु घटकाला फॉर्म २८ लागतो. हे सगळे कागद मिळतात. अडतो तो हक्काचा पुरावा.

अर्जदार कंपनी असेल तर शोध लावणाऱ्या माणसांकडून तो हक्क तिच्याकडे आला हे दाखवावं लागतं: फॉर्म १ वरच शोधकर्त्यांच्या सह्या घेऊन किंवा हस्तांतरण करारातून. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत तो द्यायचा असतो. आणि गेम स्टुडिओत नेमकं काय झालेलं असतं? इंजिनचा महत्त्वाचा भाग लिहिणारा फ्रीलान्सर काम संपवून गेलेला असतो, त्याच्याशी व्यवहार मेसेजवर झालेला असतो, आणि करारात शोधाच्या हक्काबद्दल एक ओळही नसते. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आला, हा समज सोडा. सही मिळेना म्हणून त्याचं नाव शोधकर्त्यांतून गाळणं हा तर सर्वात वाईट उपाय आहे. पुढे कधी वाद झाला तर खऱ्या शोधकर्त्याचं नाव लपवल्याचा ठपका पेटंटवरच येतो. काम सुरू होतानाच साध्या मराठीत का होईना, एका पानाचा हस्तांतरण करार करून ठेवा.

सवलतीचीही एक गाठ आहे. नैसर्गिक व्यक्ती, स्टार्टअप, लघु घटक आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. स्टार्टअप म्हणजे डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाची) मान्यता असलेला. कंपनी नवी आहे एवढं पुरत नाही. लघु घटकाला उद्यम नोंदणी दाखवता येते. दोन अर्जदारांपैकी एक मोठी कंपनी असेल तर सवलत कोणालाच नाही. आणि एखाद्याने स्वतःच्या नावावर अर्ज करून नंतर तो मोठ्या कंपनीला दिला, तर शुल्कातला फरक भरावा लागतो. पानं तीसपेक्षा किंवा क्लेम दहापेक्षा जास्त झाले तर वेगळे पैसे पडतात, म्हणून क्लेमची भाराभर भरती करू नका.

चुकीची वाचली जाणारी मुदत

अर्ज केला की पेटंट कार्यालय आपोआप तपासणी करेल, असं निम्म्याहून जास्त लोकांना वाटतं. तसं होत नाही. फॉर्म १८ वर परीक्षणाची वेगळी विनंती करावी लागते, तीही ३१ महिन्यांच्या आत. ही मुदत १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनी आली. त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने आहेत. नेटवर अजून जुनेच आकडे फिरतात आणि त्यांच्या भरवशावर अर्ज मरतात.

त्याहून मोठी गफलत मोजायला कुठून सुरुवात करायची यात होते. ३१ महिने अग्रक्रमाच्या तारखेपासून (त्याच शोधाचा पहिला अर्ज दिला ती तारीख) किंवा अर्जाच्या तारखेपासून, जी आधीची असेल तिथून. समजा प्रोव्हिजनल १० जून २०२४ ला दिला आणि पूर्ण तपशीलपत्र ९ जून २०२५ ला. मुदत १० जानेवारी २०२७ ला संपते. लोक दुसऱ्या तारखेपासून मोजतात आणि २०२८ पर्यंत निवांत बसतात. विनंती आली नाही तर अर्ज मागे घेतला असं समजलं जातं. माझं सांगणं एकच: पूर्ण तपशीलपत्रासोबतच फॉर्म १८ भरून टाका. व्यक्तीला, स्टार्टअपला, लघु घटकाला किंवा शैक्षणिक संस्थेला त्याचे ४,००० रुपये, इतरांना २०,०००.

अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९. स्टार्टअप किंवा लघु घटक असेल, किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत एखादी महिला असेल, तर फॉर्म १८ए वर जलद परीक्षण मागता येतं.

पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, नोंदवलेल्या ईमेलवर येतो. स्टुडिओ सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा ईमेल दिला असेल तर तो कोणी उघडतच नाही. उत्तराला सहा महिने मिळतात. त्याच मुदतीत मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. परदेशातही अर्ज केला असेल तर एफईआरनंतर तीन महिन्यांत नवा फॉर्म ३ द्यायचा, आणि ही मुदत उत्तराच्या मुदतीआधी संपते. दोन्ही एकदमच पाठवू म्हणणारे इथे चुकतात.

एफईआरमध्ये कलम ३(के) दिसलं म्हणून घाबरू नका आणि चिडूही नका. अनेक अहवालांत तो आक्षेप दोन ओळींत, कारण न देता टाकलेला असतो. वर्षभर राबलेल्या माणसाला दोन ओळींत उडवणं बरोबर नाही, आणि कार्यालयाने हे सुधारायलाच हवं. पण उत्तर तुम्ही पूर्ण द्या: तांत्रिक प्रश्न कोणता, तो यंत्राच्या कोणत्या भागाने सोडवला, परिणाम कुठल्या परिच्छेदात मोजला आहे. सुनावणी लागली तर तिच्यानंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. तोंडी पटवलं म्हणून ते देणं टाळू नका, आदेश कागदावरूनच निघतो.

परदेशी प्रकाशक "आधी अमेरिकेत भरू" म्हणाला तर कलम ३९ आठवा. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ वर परवानगी घ्यायची. हे मोडलं तर इथला अर्ज तर जातोच, शिवाय शिक्षेची तरतूद आहे.

अर्ज स्वतः करता येतो. कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई अशी चार कार्यालयं आहेत. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईकडे जातात. एजंट घेणार असाल तर तो नोंदणीकृत आहे का हे कार्यालयाच्या यादीत पाहा. मान्य स्टार्टअपला सरकारी योजनेत अर्जाला मदत करणारा फॅसिलिटेटर मिळतो, त्याची फी सरकार देतं, कार्यालयाचं शुल्क मात्र तुमचंच.

पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. नूतनीकरणाचं शुल्क तिसऱ्या वर्षापासून मोजतात. मंजुरीला दोन वर्षांहून जास्त लागली असतील तर मधल्या वर्षांचं साठलेलं शुल्क पेटंट रजिस्टरमधल्या नोंदीनंतर तीन महिन्यांत एकदम भरायचं असतं. प्रमाणपत्र हाती आल्यावर "पुढच्या वर्षी बघू" म्हणून हे राहून जातं, तेव्हा मंजुरीचा ईमेल आला त्याच दिवशी ही रक्कम काढून ठेवा.